लाल पत्र्याचा उन्हाळा

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी, दूधवाले आणि आमच्या बाल्कनीत भाडं न देता राहणारी कबुतरं यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आमचा लोखंडी कूलर आज सकाळी गच्चीवरच्या अडगळीतून सुखरूप खाली उतरला आहे. या कार्यात माझ्या नवऱ्याच्या पायाचा अंगठा, जिन्याच्या भिंतीचा एक टवका आणि घरातली शांतता एवढंच कामी आलं. कूलरची प्रकृती उत्तम आहे. आज त्याला आंघोळ घालण्यात येईल, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवण्यात येतील आणि हॉलच्या खिडकीत त्याची मानानं स्थापना होईल. त्यानंतर तो चालवण्यात येणार नाही. कृपया कोणी आग्रह करू नये.

दर उन्हाळ्यात कोणीतरी करतंच. मागच्या वर्षी नणदेचे सासरे आले होते. घाम पुसत म्हणाले, "अरे, एवढा कूलर आहे, तर लावा ना!" मी त्यांच्या हातात लिंबाचं सरबत दिलं आणि तोंडात बर्फी कोंबली. कूलरशेजारच्या खुर्चीवर, आता आमच्याकडेच राहणारी माझी आई बसली होती. तिनं पदराच्या टोकानं कूलरवरची नसलेली धूळ पुसली. कूलरच्या वायरीला, प्लगच्या अगदी जवळ, हातभर तारेनं पिळून बांधलेला एक लाल पत्रा लोंबतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय: सावधान, आदमी काम पर है. खाली बाबांचं नाव.

भिलाईचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याबद्दल मला थोडी असूया आणि पुष्कळ दया वाटते. इथे मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर फक्त डांबर आणि कुत्री असतात, आणि डांबर जास्त हलतं. घराघरात कांद्याबरोबर बासी खाल्ली जाते, रात्री पाण्यात भिजत घातलेला भात. छत्तीसगढी शेजारणींनी माझ्या आईला ती शिकवली आणि आईनं तिच्यात विदर्भाची हिरवी मिरची घालून ती बिघडवली. गुलमोहर याच दिवसांत फुलतो. मला तो नेहमी असमंजस वाटत आला आहे. सगळे मरायला टेकलेत आणि हा लग्नाचा फेटा बांधून उभा.

आणि वाळ्याचा वास. ओल्या वाळ्यातून आलेल्या वाऱ्याचा पहिला झोत तोंडावर आला की माणूस आपोआप डोळे मिटतो. स्टील प्लांटच्या टाऊनशिपमधल्या मरोद्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं तशी एका रांगेत डोळे मिटून बसायचो. बाबा, मी आणि आई. आई शेवटी, कारण पाणी भरायचं काम तिचं आणि हात पुसून येईपर्यंत रांग लागलेली असायची.

बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. तरुणपणी गोंदियाकडच्या खेड्यातून आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि निळ्या कोटातला, हातात संविधान असलेला एक फोटो घेऊन. तो फोटो प्रत्येक घरात पहिल्यांदा भिंतीवर चढला आणि मगच चूल पेटली. बाबांच्या आयुष्यात दोन गोष्टी पवित्र होत्या. एक कायदा आणि दुसरा टॅग.

कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. टॅगबद्दल सांगायला हवं. मशीन दुरुस्त करायचं असलं की आधी त्याची लाइन बंद करायची आणि स्विचला लाल टॅग बांधायचा, म्हणजे कोणी चुकून ती चालू करू नये. ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा. दुसऱ्या कोणी नाही, साहेबानंही नाही. शिफ्ट संपली तर पुढचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो आला की समोरासमोर सगळं सांगायचं, काय बंद, काय चालू, काय अर्धवट, आणि टॅग त्याच्या हवाली करायचा. याला हँडओव्हर म्हणतात.

हे सगळं प्लांटमध्ये ठीक होतं. पण बाबा भाजी आणायला निघाले तरी आईला हँडओव्हर देत.

"आयकून घे. दूध गॅसवर हाये, आच बारीक हाये. टाकी भरली, मोटर बंद केली. आता तुह्या हवाली."

"घेतलं सायेब," आई कपाळाला पोलिसासारखा हात लावायची. "जा आता. तुमचं भाषण आयकून भाजी सुकून जाईन."

मी लग्न होऊन स्मृती नगरला गेले तेव्हा माझ्या नवऱ्यालाही त्यांनी मांडवात बाजूला घेऊन हँडओव्हर दिला. पोरगी लवकर तापते, लवकर थंड होते, ओव्हरलोड करू नका. नवरा अजून त्या वाक्यावर चालतो.

बाबा रिटायर झाले तसं क्वार्टर सोडावं लागलं. पावर हाउस भागातल्या बाजारामागे एका तीन मजली घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. वर फक्त छत आणि छतावर सूर्य. घरमालकांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. अतिशय गोड माणूस. गेल्या गेल्या माठातलं पाणी देणार, पंखा आपल्याकडे वळवणार, आणि कशाचीही तक्रार केली तरी एकच उत्तर देणार: "हो जाएगा, भैया." मी त्यांचं नाव हो-जाएगाजी ठेवलं. हळूहळू त्यांचं खरं नाव घरात कोणाला आठवेना.

पहिल्याच उन्हाळ्यात बाबांनी खिडकीत कूलर ठेवला आणि चालू करण्याआधी सवयीनं सॉकेट उघडून पाहिलं. मी तिथेच होते, कैरीचं पन्हं पीत. बाबा बराच वेळ टेस्टर घेऊन आत डोकावत राहिले, मग दुसऱ्या खोलीतलं सॉकेट उघडलं, मग स्वयंपाकघरातलं. परत आले ते हात मागे बांधून.

"अर्थिंगच नाही," ते म्हणाले. "साऱ्या बिल्डिंगले नाही. तिसऱ्या भोकात नुसती हवा भरली हाये."

लोखंडी कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी शेजारी राहतात. कुठे वायर सोलली गेली तर वीज डब्यात उतरते. अर्थिंग असलं तर ती जमिनीत जाते. नसलं तर वाट पाहते, कोणीतरी ओल्या हातानं स्पर्श करेपर्यंत.

त्याच संध्याकाळी बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, लाल रंग दिला, वाळवला आणि पांढऱ्या रंगानं त्यावर अक्षरं काढली. मग तो कूलरच्या प्लगला पक्कडीनं तार पिळून बांधला.

आईनं चष्मा लावून वाचलं. "सावधान, आदमी काम पर है. अवं बापा! कोनता आदमी? आदमी त खाटेवर बसून चहा पिऊन राहिला!"

"वाट पायनं हे बी कामच असते," बाबा म्हणाले.

आता हो-जाएगाजींच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. बाबा अजून टाऊनशिपमध्येच जगत होते. तिथे नळ गळला की तक्रार लिहून यायची आणि मग निवांत घरी बसायचं. कोणीतरी येतंच. साऱ्या आयुष्यात त्यांचं एकदाही असं झालं नव्हतं की तक्रार लिहिली आणि माणूस आलाच नाही. कधी कधी तर दुसऱ्याच्या तक्रारीवर जाणारा माणूस तेच असत. म्हणून ते दुकानात जायचे, सांगायचे, पाणी प्यायचे आणि समाधानानं घरी येऊन दाराकडे तोंड करून बसायचे.

"कावून बसले दारात?" आई विचारायची.

"येईन ना तो. घर बंद दिसलं त वापस जाईन."

मी माझी मैत्रीण वंदना हिला मैदानात उतरवलं. ती दुर्गच्या कोर्टात वकिली करते आणि बोलताना समोरच्याच्या ताटातलं खाते. तिनं आईनं केलेली भजी संपवत भाडेकरूच्या हाती काय काय असतं ते सांगितलं. तोंडी सांगणं बंद करा, लेखी द्या आणि पोच घ्या. भाडं मात्र थांबवू नका, नाहीतर तेच उलटून तुम्हाला कोर्टात नेतील. त्यांनी लेखी परवानगी दिली तर काम तुम्ही करून घ्या आणि भाड्यातून वळतं करा. नाहीच ऐकलं तर भाडे नियंत्रकाकडे अर्ज.

"आणि काका, शेवटचा रस्ता सगळ्यात सोपा," ती बोटं पुसत म्हणाली. "घर सोडा."

बाबांनी प्रत्येक रस्ता मनापासून चालून पाहिला. अर्ज लिहिला, विषय घालून, मोत्यासारख्या अक्षरात. हो-जाएगाजींनी तो दुकानात मोठ्यानं वाचला, गिऱ्हाइकांना दाखवला आणि म्हणाले, "वाह मेश्रामजी, क्या लिखावट है! आजकल के बच्चे लिखते हैं ऐसा?" मग त्यांनी तो गल्ल्याच्या काचेखाली ठेवला. लग्नपत्रिकांच्या शेजारी.

परवानगी मागितली तर त्यांना दुःख झालं. "अरे, आप क्यों करेंगे? आप बुज़ुर्ग आदमी. मेरा आदमी करेगा ना. हो जाएगा." मीटरची खोली तळमजल्यावर होती आणि तिची किल्ली त्यांच्याकडे. अर्थिंगचा खड्डा अंगणात खणावा लागणार आणि अंगणही त्यांचं. मी म्हटलं, बाबा, कुलूप तोडू, मी तोडते, मला हौस आहे.

"दुसऱ्याच्या पॅनलले परमिटबिगर हात लावाचा नाही," बाबा म्हणाले. "मंग आपल्यात अन् चोरात काय फरक?"

मग मी प्लॅस्टिकच्या कूलरचा विषय काढला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेत पुन्हा नापास झाले. "डब्बा प्लॅस्टिकचा. मोटर काय कागदाची राहते? अन् पानी?" मग खाली मान घालून म्हणाले, "पानी तुही आई भरते."

तेव्हा मला शांताआत्या आठवली. म्हणजे ती मला आठवत नाही, मी फार लहान होते. पण तिची गोष्ट घरात एका बंद पेटीसारखी होती. बाबांची धाकटी बहीण. गावाकडे नवा कूलर आला म्हणून गल्लीभर मिरवलेली. बादलीनं पाणी ओतलं आणि ओल्या हातानं कूलरचं दार लावायला गेली. बाबा तेव्हा भिलाईत होते, दुसऱ्यांच्या लायनी बंद करून टॅग बांधत. आम्ही गावी पोचलो तेव्हा कूलर अंगणात उलटा टाकलेला होता आणि त्याच्या पोटातून अजून पाणी ठिबकत होतं, असं आई सांगते. बाबा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. फक्त आमच्या घरात आई कूलरमध्ये पाणी ओतायला लागली की आधी प्लग काढून, तो हातात धरून ते शेजारी उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असे उभे राहतात.

तर नवतपा लागला. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भिंतीला पाठ टेकवता येत नव्हती. आई चादरी भिजवून खिडक्यांना लावायची आणि त्या पापड व्हायच्या. पंखा गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. आईच्या पायांना गोळे येऊ लागले. बाबा तिच्या पायाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालायचे. ती म्हणायची, "लावा ना एकडाव. पाच मिनिट. मी पान्याले हात बी नाही लावत." बाबा पुठ्ठा जोरानं हलवायचे.

मी त्यांना माझ्याकडे आणलं. आमच्याकडे एसी होता. आई त्याच्यासमोर अशी बसली जशी माणसं जत्रेत खेळासमोर बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून तयार.

"कुठं निघाले?" मी विचारलं.

"घरी. टॅग बांधून ठेवला हाये तिथं. साइट सोडून कसं राहू?"

"बाबा, ती साइट नाही, भाड्याचं घर आहे!"

"त्याचा आदमी आला अन् मी नसलो त? कुठं काय हाये त्याले कोन दाखवन?"

मी नाटकं केली. गळ्याची शपथ घातली, दारात आडवी झाले. अक्षरशः आडवी. वयाच्या चाळिशीत पायपुसण्यावर झोपले. बाबा माझ्यावरून पाय टाकून गेले आणि जिन्यावरून म्हणाले, "उठ बाई, पाठीले गारठा लागन." आई हसत हसत त्यांच्यामागे गेली. ते दोघं गेटबाहेर रिक्षा शोधताना मी खिडकीतून पाहिलं. आईच्या डोक्यावर ओला टॉवेल होता आणि बाबांनी त्याचं एक टोक धरलं होतं, तो उडू नये म्हणून.

घर सोडण्याचा शेवटचा, सगळ्यात सोपा रस्ता? त्याबद्दल ते वंदनाला म्हणाले होते, "काम अर्धवट ठेवून कोनी जाते का?"

भाडे नियंत्रकाकडे अर्ज गेला. तारीख पावसाळ्यातली मिळाली.

नवतपा संपत आला होता तेव्हा एका सकाळी बाबा दुकानात गेले होते. हो-जाएगाजींनी सांगितलं, आज पक्का आदमी आएगा. बाबा परत आले ते वर आलेच नाहीत. खाली जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, अंगणात खड्डा कुठे खणायचा ते दाखवण्यासाठी. आईनं वरून दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला ते म्हणाले, "येतो." दुपार टळायला लागली तेव्हा वर आले, माठातलं पाणी प्यायले आणि ओली चादर टाकून फरशीवर आडवे झाले. आई शेजारणीकडे बर्फ मागायला गेली होती. ती येईपर्यंत, तिला वाटलं, झोपलेत. तिनं बर्फ फडक्यात बांधून हळूच त्यांच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ तशीच धरून बसली. बर्फ वितळला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मी उन्हाला जबाबदार धरते. आई कोणालाच धरत नाही.

हो-जाएगाजी आले, दारात चपला काढून खाली बसले आणि खरंच रडले. माझ्याजवळ त्यांच्यासाठी पुष्कळ वाक्यं तयार होती, चांगली पाठ केलेली, वरच्या पट्टीतली. त्यांचं रडणं पाहून ती सगळी गिळावी लागली. ती मला अजून पचलेली नाहीत. आणि मग, चौथ्या की पाचव्या दिवशी, त्यांचा आदमी आला. एक माणूस, एक फावडं, एक पिशवी मीठ, एक पोतं कोळसा, एक पाइप. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पाइप उभा केला, वरपर्यंत हिरवी वायर ओढली, नवा बोर्ड बसवला. जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलं होतं. मी जिन्यावरून पाहत होते. बाबा असते तर त्याला म्हणाले असते, मीठ अजून टाक. मी म्हणाले, "मीठ अजून टाका." तो चमकून बघायला लागला, पण टाकलं त्यानं.

पावसाळ्यात दुर्गला तारीख आली तेव्हा अर्थिंग होतं आणि अर्जदार नव्हता. अर्ज निकाली निघाला. वंदना कोर्टाबाहेर आली आणि समोरच्या टपरीवर भजी होती तरी तिनं खाल्ली नाहीत.

तर, पुन्हा त्या अर्थिंगच्या दिवशी. बोर्ड बसला. त्या आदमीनं टेस्टर लावून दाखवलं. हो-जाएगाजी स्वतः वर आले. त्यांना काहीतरी करायचं होतं, हे मला कळत होतं. कूलरमध्ये पाणी त्यांनीच ओतलं, बादली त्यांनीच उचलली. वाळ्याच्या ताट्या भिजल्या आणि तो वास खोलीत पसरला, मरोद्याचा, तिघांच्या रांगेचा. बाहेर अजून ऊन होतं. आई फोटोखालच्या भिंतीशी बसली होती. निळ्या कोटाच्या फोटोशेजारी आता दुसरा फोटो होता, बाबांचा, रिटायरमेंटच्या दिवशीचा, हार घातलेला. त्यात ते हसत नव्हते, कारण पाठीमागच्या भिंतीवरची वायर त्यांना लोंबताना दिसली होती.

"भाभीजी, अब एकदम सेफ है," हो-जाएगाजी म्हणाले. "मैं खुद लगाता हूँ. आप हवा में बैठिए."

त्यांनी प्लग उचलला. लाल पत्रा मध्ये आला. सावधान, आदमी काम पर है. त्यांनी तार चाचपली, पीळ घट्ट होता, पक्कडीनं दिलेला. त्यांनी आपल्या माणसाकडे हात केला. त्यानं पक्कड दिली. तारेच्या टोकाला पक्कड लागली आणि पहिला पीळ सुटल्याचा आवाज झाला.

आई एकदम उठली. त्या दिवसांत ती भिंतीला धरून उठायची, पण तेव्हा भिंत तिनं धरली नाही. तिनं हो-जाएगाजींच्या हातातून प्लग ओढून घेतला, पत्र्यासकट छातीशी धरला आणि अख्ख्या जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली:

"हात नका लावू त्याले! मले हँडओव्हर न देताच गेले ना ते!"